अवघड कॉर्डचा माग

१९६४ च्या एप्रिलमध्ये बीटल्सनी लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत 'अ हार्ड डेज नाईट' रेकॉर्ड केलं. गाण्याच्या तोंडाशी एकच झंकार आहे. काही क्षण तो हवेत राहतो आणि मग गाणं सुरू होतं. हा झंकार नेमक्या कोणत्या कॉर्डचा, यावर गिटारवाले पुढे कित्येक दशकं वाद घालत राहिले. कुणी ती जी सस्पेंडेड म्हणायचं, कुणी डी मायनरच्या घराण्यातली, कुणी एफवर काहीतरी जादा घातलेली. २००१ मध्ये जॉर्ज हॅरिसनने चाहत्यांच्या प्रश्नाला उत्तर देताना सांगितलं, की त्याच्या बारा तारांच्या गिटारवर एफ होता आणि वरच्या टोकाला जी. बेसचं मात्र पॉललाच विचारायला हवं. पॉल मॅकार्टनीचा बेस डीवर आहे. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातले गणिती जेसन ब्राउन यांनी २००४ मध्ये त्या झंकाराची गणिती फोड केली आणि त्यात पियानोही मिसळलेला आहे असा निष्कर्ष काढला.

आता सूर मांडून पाहू: डी, एफ, ए, सी, जी. डीपासून मोजलं तर ही डी मायनर सेव्हन्थ, वर एक जादा सूर. जीपासून मोजलं तर जी नाइन्थ सस्पेंडेड. एफपासून मोजलं तर एफ सिक्स-नाइन. म्हणजे भांडणारे तिघेही त्याच पाच सुरांबद्दल बोलत होते. हा आवाज कुणा एकाच्या हातातला नव्हताच. तीन-चार वाद्यांची ती बेरीज होती आणि लोक ती एका पंजात बसवू पाहत होते.

गाणं ऐकून त्याच्या कॉर्ड काढणं या विषयावर जे काही बोललं, लिहिलं, शिकवलं जातं, त्यातला बराचसा गोंधळ इथूनच येतो. कुणाला सगळे सूर हवे असतात, कुणाला वादकाच्या बोटांची ठेवण, कुणाला नाव, तर कुणाला त्या कॉर्डचं गाण्यातलं काम. हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. साधं गाणं असेल तर चारही उत्तरं एकदम मिळतात, म्हणून फरक जाणवत नाही. अवघड गाण्यात ती सुटी होतात आणि तिथे कुठला प्रश्न आधी विचारायचा यावर सगळं ठरतं.

पहिला समज दैवी देणगीचा. 'त्याचा कानच तसा आहे' असं म्हणून आपण मोकळे होतो. कोणताही सूर आधाराशिवाय ओळखणारे लोक असतात हे खरं. दहा हजारांत एखादा, असं प्रमाण नेहमी सांगितलं जातं. पण अशा कानाला सुरांची नावं कळतात, कॉर्डचं काम कळेलच असं नाही. देणगीचा दाखला म्हणून मोझार्टची गोष्ट सांगतात. १७७० च्या पवित्र आठवड्यात चौदा वर्षांच्या मोझार्टने रोमच्या सिस्टाइन चॅपेलमध्ये आलेग्रीचं 'मिझरेरे' ऐकलं आणि मुक्कामावर येऊन स्मरणाने लिहून काढलं. दोन वृंदांची, शेवटी नऊ आवाजांत जाणारी रचना. गोष्ट थोरच आहे. पण ती सांगताना एक तपशील राहून जातो. या रचनेत तोच संगीतखंड वेगवेगळ्या चरणांसाठी पुन्हापुन्हा येतो आणि मधे साधं पठण येतं. म्हणजे ऐकणाऱ्याला एकच गोष्ट अनेकदा ऐकायला मिळते. मोझार्ट दोन दिवसांनी परत जाऊन दुरुस्त्याही करून आला, असं त्याच गोष्टीत आहे. अफाट स्मरण, रचनेची जाण आणि पुन्हा ऐकणं ही तिन्ही तिथे होती. शेवटच्या दोन गोष्टी तुम्हा-आम्हालाही मिळवता येतात.

दुसरा समज आपल्याकडचा आहे. तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या उत्तम कानाच्या माणसांनाही तोच अडवतो. आपण कॉर्ड चालीवरून शोधतो. गायक गंधारावर थांबला की सा-ग-प धरायची, धैवतावर थांबला की म-ध-सा. याचं एक कारण पेटी असावं. महाराष्ट्रातल्या घराघरांत संगीताचं पहिलं वाद्य हार्मोनियम आणि हातपेटीत एक हात भात्यात अडकलेला. उरलेल्या हाताने चाल वाजते. चालीखाली वेगळ्या वाटेने जाणारा खर्ज एकाच वेळी वाजवायची सोय नाही, म्हणून तो ऐकायची सवयही लागत नाही. संगीत नाटकातल्या पायांनी भाता मारायच्या ऑर्गनला दोन्ही हात मोकळे होते, पण तिथेही काम मुख्यतः गायकाच्या साथीचंच.

चालीवरून शोधलं तर अडचण अशी, की एक सूर अनेक कॉर्डमध्ये बसतो. पांढरी एकचा सा धरला तर गंधार हा सी मेजरमध्ये आहे, ए मायनरमध्ये आहे, ई मायनरमध्ये आहे, एफ मेजर सेव्हन्थमध्येही आहे. चाल फक्त कुठल्या कॉर्ड चालतील ते सांगते. त्यातली कुठली वाजली ते बेस सांगतो. म्हणून जाझ शिकवणारे असोत की चर्चमधले ऑर्गनवादक, जाणते लोक सांगतात ते एकच: आधी सगळ्यात खालचा सूर ऐका, तो स्वतः गाऊन पाहा, मग वर या.

हॅरिसनचंच १९६८ चं 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' घ्या. सुरुवातीला वरचे तीन सूर हलत नाहीत: ए, सी, ई. म्हणजे साधी ए मायनर. खाली बेस मात्र एकेक पायरी उतरतो: ए, जी, एफ शार्प, एफ. फक्त वरचं ऐकणारा चार मात्रांच्या चारही घरांत ए मायनर लिहील आणि वाजवताना काहीतरी हरवलंय असं त्याला वाटत राहील. फक्त चालीवरून जाणारा तिसऱ्या घरात अडखळेल. बेस ऐकणाऱ्याला मात्र गाण्याचा कणा पहिल्याच फेरीत हाती लागतो. तिसऱ्या घरातल्या एफ शार्प, ए, सी, ई या चार सुरांना कुणी एफ शार्पवरची अर्धी डिमिनिश लिहितं, कुणी ए मायनर सिक्स्थ, कुणी डी नाइन्थ, ज्यात डी वाजतच नाही. बोटं कुठे ठेवायची हे बेस आणि वरचे तीन सूर कळले की ठरतंच. नावाचा वाद नंतर सावकाश घालता येतो.

बेस उलटही वागतो. वर सगळं बदलत असताना तो जागचा हलत नाही. मोझार्टची १७८८ ची चाळिसावी सिंफनी आपल्या कानावर वेगळ्या वाटेने आली आहे: सलील चौधरींनी 'छाया' (१९६१) मधल्या 'इतना ना मुझसे' या गाण्याला तिच्या पहिल्या सुरावटीचा आधार घेतला. मूळ सिंफनीत जी मायनरने सुरुवात होते. मग वरची सुरावळ बदलून ए, सी, ई फ्लॅट अशी होते, पण तळाशी जी तसाच असतो. त्यानंतर बेस अर्धी पायरी उतरून एफ शार्पवर जातो आणि परत जीवर येतो. चालीच्या मागे धावणारा दुसऱ्या कॉर्डला बेस ए किंवा सीवर नेईल आणि त्या सुरुवातीतली धाकधूक निघून जाईल. तळ स्थिर आहे म्हणूनच वरची हालचाल अस्वस्थ करते.

बेस ऐकू येत नाही ही तक्रार खरी असते. त्याचं कारण बहुधा कानात नसून हातातल्या फोनमध्ये असतं. बेस गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार सेकंदाला साधारण ४१ कंपनं करते. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला ती पेलत नाहीत. तो वरचे उपस्वर देतो आणि मूळ सूर आपला मेंदू अदमासाने भरून काढतो. गर्दीच्या वादनात हा अदमास चुकतो. चांगले हेडफोन लावले की निम्मी अडचण जाते. जुन्या वादकांची युक्ती याहून छान होती. तबकडी दुप्पट वेगाने फिरवली की सगळे सूर एक सप्तक वर चढतात आणि खर्जात घोळणारा बेस मध्य सप्तकात स्पष्ट उभा राहतो. याउलट झरझर जाणारा लीड पकडायचा तर ३३ च्या तबकडीला १६ वर टाकायचं: वेग निम्मा, सूर एक सप्तक खाली. आज सूर न बदलता वेग कमी करता येतो. तरी बेससाठी सप्तक चढवून ऐकण्याचा प्रयोग अजूनही करून पाहण्यासारखा आहे.

वेगाशी जोडलेली आणखी एक अडचण जुन्या गाण्यांत हमखास भेटते. गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मधेच कुठेतरी असतं. टेप किंवा तबकडीचा वेग सहा टक्क्यांनी हलला की सूर जवळजवळ पूर्ण एका पट्टीने सरकतो. तीन टक्के हलला की दोन पट्ट्यांच्या मधे. अशा गाण्याला वाद्य लावून कॉर्ड शोधू लागलात तर प्रत्येक कॉर्ड थोडी बेसूर वाटते आणि बरोबर सापडलेलीही आपण टाकून देतो. आधी रेकॉर्डिंग वाद्याच्या सुरात आणावं किंवा वाद्य रेकॉर्डिंगच्या. तंबोरा जुळवल्याशिवाय बैठक न मांडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

तंबोऱ्याचा विषय आलाच आहे, तर आपल्या बाजूची एक मोठी जमेची गोष्ट सांगायला हवी. चांगला जुळलेला तंबोरा छेडला की कुणीही न लावलेला गंधार त्यातून ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. हा खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर. ११० कंपनांचा ए घेतला तर त्याच्याच पोटात २२०, ३३०, ४४०, ५५० अशी कंपनं असतात: ३३० म्हणजे ई, ५५० म्हणजे जवळपास सी शार्प. एका सुराच्या आत ए मेजर कॉर्ड पुसटशी भरलेली आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६३ च्या ग्रंथात हे उपस्वर वेगळे कसे ऐकावेत याचा अभ्यास मांडला. आपल्याकडे गुरूसमोर तंबोरा घेऊन बसणारा तेच रोज करत असतो. एका आवाजात अनेक आवाज ऐकण्याची ही सवय कॉर्ड सोडवायला फार उपयोगी पडते. तिचा धोकाही माहीत असावा. न वाजवलेला शुद्ध गंधार ऐकू आल्यामुळे मायनर कॉर्ड मेजर भासू शकते. कर्कश इलेक्ट्रिक गिटारवर तर हे फारच होतं. म्हणून रॉकवाले अनेकदा नुसता सा आणि पंचम धरतात. तिथे मेजर की मायनर हा प्रश्नच चुकीचा असतो, कारण गंधार कुणी वाजवलेलाच नसतो.

आता अवघड कॉर्डच्या गाभ्याकडे. गाणं एका सप्तकात सुखाने चाललेलं असतं आणि मधेच एक कॉर्ड दार उघडून भलतीकडे नेते. कान चमकतो, पण ती कॉर्ड बोटांना सापडत नाही. पाश्चात्त्य पुस्तकं याची वर्गवारी करतात: उसनी कॉर्ड, दुय्यम डॉमिनंट, बदली कॉर्ड. वर्गवारी उपयोगी आहे, पण ऐकताना ती सुचत नाही. आपल्याकडच्या कानाला याहून जवळची वाट आहे, ती म्हणजे परका सूर पकडणं. शुद्ध स्वरांच्या गाण्यात कोमल धैवत आला हे सरगमच्या कानाला ताबडतोब कळतं. कॉर्डचं नाव ठाऊक नसलं तरी कळतं. त्या सुराचा पाठपुरावा केला की कॉर्ड सापडते.

सा पांढरी एकचा धरू. सी, डी मायनर, ई मायनर, एफ, जी, ए मायनर या सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवरच्या कॉर्ड. मधेच काळी चार, म्हणजे कोमल धैवत वाजला. त्याच्या दोन ठळक शक्यता आहेत. एक, ई सेव्हन्थ: ग, कोमल ध, नि, रे. दुसरी, एफ मायनर: म, कोमल ध, सा. परका सूर तोच, पण स्वभाव अगदी वेगळा. ई सेव्हन्थमधला कोमल धैवत वर चढायला उत्सुक असतो. तो शुद्ध धैवताला जाऊन भिडतो आणि गाणं ए मायनरवर उतरतं. एफ मायनरमधला कोमल धैवत खाली कलतो, पंचमावर विसावतो आणि गाणं परत सीवर, घरी येतं. पहिल्यात ताण आहे, दुसऱ्यात हळवेपण. एफ मेजरनंतर लगेच एफ मायनर आणि मग सी, ही चाल जगभरच्या विरहगीतांनी वापरली आहे. तिच्यात शुद्ध ध, कोमल ध, पंचम असा एक सूर अर्ध्या-अर्ध्या पायरीने उतरत असतो. तो गुणगुणता आला की कॉर्ड हाती लागलीच. तरी शंका राहिली तर बेस: तो गंधारावर आहे की मध्यमावर?

बाकीचे परके सूर असेच चौकशीला घ्यावेत. तीव्र मध्यम आला तर बहुधा रिषभावरची मेजर किंवा सेव्हन्थ, जी पंचमाच्या कॉर्डकडे ढकलते. कोमल रिषभ आला तर धैवतावरची ए सेव्हन्थ असण्याची शक्यता मोठी, पुढे डी मायनर. पण बेसच जर कोमल रिषभावर असेल आणि तिथून थेट षड्जावर उतरत असेल, तर ती जाझमधली बदली कॉर्ड. कोमल निषादाला तीन तरी घरं आहेत: सी सेव्हन्थ होऊन एफकडे जाणं, निषादावरचीच बी फ्लॅट मेजर आणि जी मायनर. कोमल गंधार आणि तीव्र मध्यम असे दोन परके एकदम आले, तर बी सेव्हन्थकडे पाहावं आणि पुढे ई मायनर येते का ते तपासावं. कोष्टक पाठ करायची गरज नाही. परका सूर कोणता, तो कुठे गेला आणि त्याच्याखाली बेस कुठे होता, एवढं गाता आलं म्हणजे पुरे.

अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओंमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूज यांनी कॉर्ड अंकांनी लिहायची पद्धत सुरू केली: घरची कॉर्ड १, मग ४, ५, ६. गायकाने पट्टी बदलली तरी कागद तोच. ती तिथे सोय म्हणून आली आणि टिकली. सा कुठेही ठेवून गाणाऱ्या आपल्या माणसांना हा विचार जन्मापासून ठाऊक असतो. तरीही इथल्या गिटार-कीबोर्डच्या वर्गात मुलांना सी, एफ, जी अशी नावंच शिकवतात आणि त्यांच्या अंगातली सरगम बाजूला पडते, याचं मला फार वाईट वाटतं. सरगमनेच कॉर्ड शिकवायला काही हरकत नाही.

काही कॉर्ड मात्र मुळातच दुतोंडी असतात. पूर्ण डिमिनिशचे चारही सूर एकमेकांपासून सारख्या अंतरावर, म्हणून चारांपैकी कुठलाही सूर तळाशी धरून तिला नाव देता येतं. बारा सुरांत अशा कॉर्ड खरं तर तीनच. सूर ओळखून नाव ठरत नाही. ती पुढे कुठे गेली यावरून ठरतं. या गोष्टीचा कळस म्हणजे वाग्नरच्या 'ट्रिस्टान' या ऑपेरातली पहिली कॉर्ड. १० जून १८६५ ला म्युनिकमध्ये ती प्रथम रंगमंचावर ऐकू आली. एफ, बी, डी शार्प, जी शार्प हे चार सूर छापील कागदावर आहेत, त्यांबद्दल शंका नाही. तरी ती कॉर्ड कोणती आणि काय काम करते, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. पियानोच्या पट्ट्यांनी पाहिलं तर ती त्याच अर्ध्या डिमिनिशच्या जातीची, जी हॅरिसनच्या गाण्यात तिसऱ्या घरात बसली आहे. तिथे ती उतरत्या बेसवरची एक पायरी, इथे दीडशे वर्षांचं कोडं. गाणं ऐकून बसवणाऱ्याने यातून एक दिलासा घ्यावा: सगळे सूर मिळाले आणि नाव मिळालं नाही, तर काम अर्धवट राहिलेलं नसतं.

सूर, बेस आणि नाव तिन्ही जिथे एकदम घसरतात असं एक ठिकाण थोडं जवळून पाहू. ब्राझीलच्या अंतोनियो कार्लोस जोबिमचं 'गर्ल फ्रॉम इपानेमा' पुस्तकांत बहुधा एफ पट्टीत छापतात. मुखडा ऐकायला सरळ, तरी त्यात एफकडे परतताना बेस जीवरून जी फ्लॅटवर येऊन मग एफवर टेकतो. वर सांगितलेली अर्ध्या पायरीवरची बदली कॉर्ड ती हीच. खरी कसोटी अंतऱ्यात आहे. एफमध्ये स्थिरावलेलं गाणं कसलीही वर्दी न देता जी फ्लॅट मेजर सेव्हन्थवर जातं. तिथून बी सेव्हन्थ. आणि त्यानंतर बेस पुन्हा त्याच काळ्या पट्टीवर येतो, आता तिचं नाव एफ शार्प आणि कॉर्ड मायनर. चाल तीच वळणं घेत वर सरकलेली असते, त्यामुळे कानाला वाटतं की तळही नव्या जागी गेला. बेस गाऊन पाहिला की कळतं, तो जिथे होता तिथेच परत आला आहे. मेजरच्या जागी मायनर एवढाच फरक. पुढे डी सेव्हन्थ, मग तोच ढाचा अर्धी पायरी वर: जी मायनर, ई फ्लॅट सेव्हन्थ. हे लक्षात आलं की कोडं निम्मं होतं, कारण दुसरा तुकडा सुटला की तिसरा आपोआप सुटतो. अवघड गाण्यांचे रचनाकार बहुतेक वेळा असा ढाचा उचलून पुढे नेतात. नुसती कॉर्डमागून कॉर्ड शोधत गेलेल्याला हे दिसत नाही.

हातात वाद्य असावं की नसावं यावर मतभेद आहेत. नुसतं ऐकून कागदावर लिहावं, वाद्याला नंतर हात लावावा, असं कडक शिस्तीचे शिक्षक सांगतात. इंग्लंडच्या एबीआरएसएम या संगीत परीक्षा मंडळाच्या परीक्षांत वरच्या श्रेणींना परीक्षक पियानोवर शेवटच्या कॉर्ड वाजवतो आणि मुलाने त्या नुसत्या ऐकून सांगायच्या असतात. शिस्त चांगली आहे. पण गिटारच्या गाण्यांत बोटांची ठेवण हाही पुरावा असतो. मोकळ्या तारेचा नाद दाबलेल्या तारेहून वेगळा असतो. तो ओळखला की कोणती कॉर्ड शक्य आणि कोणती अशक्य हे लगेच कळतं. जोनी मिचेलने पोलिओमुळे डावा हात कमजोर राहिल्याने गिटारच्या तारा निरनिराळ्या प्रकारे जुळवून घेतल्या. तिची गाणी नेहमीच्या जुळणीत शोधणारा कितीही चांगल्या कानाचा असला तरी दमतो, कारण ते सूर त्या गिटारवर एका पंजात येतच नाहीत.

आता आपल्या घरचं. हिंदी चित्रपटगीतांच्या कॉर्ड शोधणं हे वेगळंच काम आहे आणि त्यात गोव्याच्या माणसांचा मोठा वाटा आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चशी जोडलेल्या शाळांत मुलं सोल्फेज आणि व्हायोलिन शिकत. तीच पुढे मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये आणि तिथून स्टुडिओत आली. आल्डोन्याचे चिक चॉकलेट यांनी लुई आर्मस्ट्राँगच्या वादनाचा इतका ध्यास घेतला की लोक त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. मराठी मातीतले सी. रामचंद्र आणि चिक यांच्या मेळातून 'अलबेला' (१९५१) सारखं संगीत उभं राहिलं. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी आणि अरेंजर ती ऐकून तिच्याखाली कोणती कॉर्ड शोभेल ते ठरवी. आपण जे उलट्या दिशेने करतो, ते ही माणसं सुलट्या दिशेने रोज करत होती.

या गाण्यांत कॉर्ड एखाद्या गिटारवर आयती वाजत नाही. ती व्हायोलिनच्या ताफ्यात, चेलोत, ॲकॉर्डियनच्या श्वासात विखुरलेली असते. सेबॅस्टियन यांची खासियत म्हणजे गायकाच्या मागे व्हायोलिनवर चालणारी दुसरी सुरावट. कॉर्डचा गंधार किंवा निषाद अनेकदा त्या सुरावटीतच दडलेला असतो, दुसरीकडे कुठेही नसतो. त्यात जुनी रेकॉर्डिंग एकाच चॅनलवरची, म्हणून डावं-उजवं वेगळं करून ऐकायची सोय नाही. स्टुडिओतले लिहिलेले कागद फारसे जपले गेले नाहीत. आज पुण्या-मुंबईत जुन्या गाण्यांचे कार्यक्रम मूळ वाद्यमेळासकट करणारे अरेंजर तबकडीवरून एकेक ओळ ऐकून ती पुन्हा लिहितात. हे काम संशोधनाच्या तोडीचं आहे आणि त्याची नोंद कुठेतरी नीट व्हायला हवी.

दुसऱ्या टोकाला अशी गाणी आहेत ज्यांत कॉर्ड नाहीतच. पेटी, तबला, सारंगी, एखादी बासरी यांच्यावर उभं राहिलेलं भावगीत, तंबोऱ्यावरचा अभंग. तिथे आपण जी कॉर्ड 'शोधतो' ती आपणच घालत असतो. ते करावंही, पण सापडली असं म्हणू नये. शिवाय प्रत्येक राग ते चालवून घेत नाही. यमनमध्ये तीव्र मध्यमामुळे रिषभावर सुंदर मेजर कॉर्ड मिळते. भैरवात षड्जावर मेजर आणि अर्धी पायरी वर कोमल रिषभावरही मेजर, अशी दुर्मीळ जोडी आहे. मारव्यात मात्र पंचम वर्ज्य, म्हणजे घरच्या कॉर्डचाच एक पाय नाही. तिथे नेहमीची सा-ग-प दाबली की मारवा गेला. अशा ठिकाणी दोन सूर धरून गप्प राहणारा कीबोर्डवाला मला जास्त जाणकार वाटतो.

राहता राहिली यंत्रं. १९९९ मध्ये ताकुया फुजिशिमा यांनी आवाजातली सगळी कंपनं बारा सुरांच्या बारा घरांत जमा करून कॉर्ड ओळखायची रीत मांडली. पुढचं बरंचसं काम याच पायावर झालं. कॉर्डिफायसारखी साधनं आज काही क्षणांत गाण्याच्या कॉर्ड समोर ठेवतात. बारा घरांच्या हिशेबात सप्तक पुसलं जातं, म्हणजे खालचा सूर आणि वरचा सूर यांत फरक राहत नाही. साहजिकच आपण ज्याला सर्वांत महत्त्वाचं म्हटलं तो बेसच तिथे सहज निसटतो. तंबोरा लावलेल्या रेकॉर्डिंगमध्ये षड्ज-पंचम सतत भरलेले असल्याने यंत्राला दर घरात तीच कॉर्ड दिसू लागते. मींड आणि गमक तर कुठल्या एका घरात बसतच नाहीत.

यंत्र चुकतं असं म्हणताना माणसंही एकमेकांशी जुळत नाहीत हे सांगायला हवं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार जाणकारांनी तीच पन्नास लोकप्रिय गाणी ऐकून कॉर्ड लिहिल्या. नुसतं मेजर-मायनर पाहिलं तरी त्यांचं एकमत तीन-चतुर्थांशाच्या आसपासच होतं; बारकावे मागितले तसं ते आणखी घसरलं. मग यंत्राची बरोबर-चूक तपासायची कुणाच्या कागदाशी?

यंत्रांनी खरी मदत केली आहे ती वेगळ्या कामात. २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने स्प्लीटर नावाचं साधन खुलं केलं, जे मिसळलेल्या गाण्यातून आवाज, ड्रम, बेस वेगळे करतं. २०२३ मध्ये बीटल्सचं 'नाऊ अँड देन' बाहेर आलं तेही जॉन लेननच्या जुन्या कॅसेटवरून त्याचा आवाज पियानोपासून सोडवता आला म्हणून. कॉर्ड काय आहे हे या साधनांना विचारू नये, बेस तेवढा सुटा करून मागावा. एवढ्या कामापुरती ती वरदान आहेत आणि ऐकायचं काम पुन्हा आपल्याकडेच येतं.

शेवटी पडताळा. कॉर्ड बसल्या असं वाटलं की मूळ गाण्याबरोबर वाजवून पाहणं पुरेसं नसतं, कारण मोठ्या आवाजात आपली चूक झाकली जाते. आपल्या कॉर्ड वेगळ्या रेकॉर्ड कराव्यात, मूळ गाणं बंद ठेवून त्यांवर चाल गावी आणि मग फक्त मूळचा बेस त्यांच्याखाली लावून पाहावा. जिथे घासतं तिथे पुन्हा परका सूर शोधावा. दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने ऐकावं; रात्री उशिरा प्रत्येक डिमिनिश बरोबर वाटते. एवढं करूनही एखाद्या घरात दोन कॉर्ड तितक्याच पटत असतील तर कागदावर दोन्ही लिहाव्यात. गायक समोर बसला की त्याचा सूर ज्या कॉर्डवर टेकतो ती वाजवावी आणि दुसरी तिच्याशेजारी कंसात राहू द्यावी.